थंडी खालून लागते

"आई, उतर आता. गाडीत हीटर लावून ठेवलाय," विश्वेश म्हणाला.

सुधाताई दोन आंब्यांच्या मधे बांधलेल्या झोळीत पडल्या होत्या. पेठकडच्या त्या डोंगरावर डिसेंबरची सकाळ अशी झोंबत होती की विचारू नका. रात्र त्यांनी झोळीतच काढली होती. नाक लाल, बोटं बधिर. पण कबूल करतील तर शपथ!

अठ्ठावन्नाव्या वर्षी बाई असं डोंगरावर झोळीत मुक्काम करायला शिकायला निघाल्या होत्या. जानेवारीत त्यांचा ट्रेकिंगचा क्लब हिमाचलला जाणार होता. पंचावन्नच्या पुढच्यांना फॉर्मवर घरच्या माणसाची सही लागायची. घरात माणसं दोनच, त्या आणि विश्वेश, आणि विश्वेश काही केल्या सही देत नव्हता. आज फॉर्म द्यायचा शेवटचा दिवस, तर हा पठ्ठ्या नाशिक रोडहून त्यांना घरी न्यायलाच हजर.

"तिकडे तुला काही झालं, तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"बरं." सुधाताई उतरल्या. "दहा मिनिटं तू झोप यात. झोपलास, तर हिमाचलचं नाव काढणार नाही. नाही जमलं, तर सही करायची."

"एवढंच ना?"

झोळीच्या खालच्या अंगाला एक गोधडी बांधलेली होती. "ही कशाला खाली लटकवलीस?" म्हणत त्यानं ती सोडली आणि आतल्या दोन गोधड्यांवर तिसरी ओढून आडवा झाला.

चहा करत असलेली यशश्री, क्लबची ट्रेनर, काहीतरी सांगायला गेली. सुधाताईंनी तिला डोळ्यांनीच गप्प केलं. झोळीत थंडी खालून लागते, हे त्या पहिल्याच मुक्कामाला कुडकुडत शिकल्या होत्या. त्यांना कुणी सांगितलं होतं?

पाचव्या मिनिटाला विश्वेश धडपडत बाहेर आला.

"पाठ गोठली माझी! माणसाचं काम आहे का हे?"

"माझं आहे," सुधाताई म्हणाल्या आणि गोधडी पुन्हा खाली बांधायला लागल्या. बोटं वळत नव्हती, तरी गाठ पक्की बसली.

तो हात चोळत जवळ आला. मग हरल्यासारखा म्हणाला, "आण तो फॉर्म. करतो सही. पण यापुढे काहीही ठरवायचं, तर आधी मला विचारायचं."

सुधाताईंना असा संताप आला की थंडी कुठल्या कुठे पळाली. विचारायचं? याला? याचं नाकसुद्धा परवापरवापर्यंत त्यांनीच पुसलं होतं!

त्यांनी सॅकमधून फॉर्म काढला, गुडघ्यावर ठेवला आणि त्या रिकाम्या रकान्यात स्वतःच ठसठशीत सही ठोकली. फॉर्म यशश्रीच्या हातात दिला.

"अगं आई, तिथं घरच्या माणसाची सही लागते!"

"मग मी कोण, शेजारची?"