लग्नाला हजर
नवरा गेल्यावर पेन्शनसाठी लग्नाचं प्रमाणपत्र लागलं, म्हणून भनपुरीची पंचफुलाबाई तिसऱ्यांदा कचेरीत आली. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी विहारात त्रिशरण-पंचशील म्हणून लग्न लागलं होतं. तेव्हा कागद कोणी मागितलाच नव्हता. "अम्मा, शादी में मौजूद कोई गवाह लाइए," बाबू म्हणाला. तिनं पिशवीतून भिंतीवरचा लग्नाचा फोटो काढून टेबलावर ठेवला. बाबूनं भंतेजींवर बोट ठेवलं. "गेले," ती म्हणाली. मग सासरे, मामा, दोन्ही आया. बोट सरकत गेलं अन् उत्तर तेच राहिलं. कडेला फुलांचं ताट धरलेली फ्रॉकमधली पोर होती. "थे माही लहान बहीण. कोरोनात गेली." बाबूचं बोट थांबलं. "तो फिर बचा कौन?" पंचफुलाबाईनं पदरानं काच पुसली आणि मधल्या, पांढऱ्या साडीतल्या नवरीवर बोट टेकवलं. "हे पोट्टी हाय ना, भैया. हिले सगळं आठवते."