उजव्या बाजूची भागू

कामशेतच्या बाजारपेठेतल्या दुकानात पवनने तिसरा स्पीकर काउंटरवर ठेवला. पहिले दोन भामाबाईंनी नापास केले होते, आणि का केले ते त्याला कळलं नव्हतं.

"मावशी, याचा बेस ऐका. काच हलते बघा."

त्याने गाणं लावलं. शोकेसची काच खरंच हलली.

"काच हलवायला न्हाई घ्यायचा," भामाबाई म्हणाल्या. त्या खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर पिशवी धरून. "यशू, आपलं लाव."

यशोधरा त्यांची सून. उर्शाजवळच्या एका कंपनीत पॅकिंगला जायची. आज तिची दुसरी पाळी होती आणि कंपनीची बस अडीचला फाट्यावर येणार होती. पहिल्या दोन्हींसारखा तिने यालाही आपला फोन जोडला आणि या वेळी पवनला जरा मिरवतच सांगितलं, "आत्यांच्या ओव्या आहेत. वीस वर्षांपूर्वी पुण्याची माणसं आली होती बेडशाला. जात्यावर बसवून रेकॉर्डिंग केलं. आता कुठे फाइल हातात आली."

जात्याची घरघर सुरू झाली. मग एक खणखणीत आवाज उठला:

*बेडशाच्या डोंगराला ढग टेकला सांजचा...*

आवाज भामाबाईंचाच, पण वीस वर्षांनी तरुण. पवनने तो आणखी वाढवला. गिऱ्हाइकाला त्याचाच आवाज मोठ्याने ऐकवला की माल खपतो, एवढं त्याला धंद्याने शिकवलं होतं.

"एक नंबर, मावशी! काय गळा आहे!"

भामाबाईंनी मान हलवली. "न्हाई. ह्याच्यातबी न्हाई. भागू कुटंय?"

"कोण भागू?"

"माझी जाऊ. समोर बसलीया की जात्याला. म्होरली वळ ती धरती."

पवनने परत लावलं आणि कान जवळ नेला. दुसऱ्या ओळीलाही भामाबाईंचाच सूर वर होता; त्याच्याखाली आणखी कुणीतरी होतं खरं, पण नसल्यासारखंच.

"आत्या, तुमचं तर छान ऐकू येतंय ना?" यशोधरा म्हणाली.

"माझं काय ऐकायचंय मला? मी हाय की. ती न्हाई."

यशोधरा ओशाळली. भागुबाई दिवाळीच्या आधी गेल्या. फाइल आली त्यानंतर. दोन महिने यशोधरा घरी असेल त्या प्रत्येक संध्याकाळी ओव्या लावत होती, आणि सासूला स्वतःचा आवाज ऐकून बरं वाटतं असं सगळ्या घराला सांगत होती.

पवनने फोन हेडफोनला लावून पाहिला. एकदा डावा कान झाकला, एकदा उजवा. मग फळीवरून तसाच दुसरा स्पीकर काढला, दोन्ही एकमेकांना जोडले आणि काउंटरच्या दोन टोकांना ठेवले.

"रेकॉर्डिंगवाला हुशार होता, मावशी. दोघींना वेगळे माइक लावलेत त्याने. ऐका आता."

डावीकडून भामाबाईंनी ओळ टाकली. आणि उजवीकडून, सुटी, बारीक, किंचित नाकातली:

*जात्याच्या खुंट्याला गं हात माझ्या जावंचा...*

भामाबाई उठल्या. काउंटर धरत धरत उजव्या टोकाला गेल्या आणि तिथे उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरले होते. ते त्यांनी लपवले नाहीत आणि पुसलेही नाहीत.

"नाकात म्हंते," त्या म्हणाल्या. "कितींदा सांगितलं तिला."

"मग जोडी पॅक करू?"

"एकच दे. हा. भागूचा."

पवन हसला. "तसं नसतं, मावशी. एकटा लावला की दोघी त्याच्यातच येणार."

"जोडी घेऊ, आत्या," यशोधरा म्हणाली. भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन झाले होते. "असू दे घरात."

"मला मी नगं."

पवनने डोकं खाजवलं. मग यशोधराचा फोन मागून घेतला आणि सेटिंगमध्ये बराच वेळ खाली खाली जात राहिला. ज्यांना एकाच कानाने ऐकू येतं त्यांच्यासाठी तिथे एक पट्टी होती. तिच्यावरचा ठिपका त्याने पार उजवीकडे सरकवला आणि डावा स्पीकर बंद केला.

"बघा आता."

घरघर सुरू झाली. नुसती घरघर. पहिल्या ओळीची जागा आली तरी घरघरच. फोन अडकला असं वाटून यशोधराने हात पुढे केला, आणि तेवढ्यात भामाबाईंनीच ओळ उचलली, भर दुकानात, पिशवी छातीशी धरून.

"बेडशाच्या डोंगराला..."

चार्जर न्यायला आलेला माणूस दारातच थांबला. आवाज पिचलेला होता. 'ढग टेकला'पाशी त्यांना दम लागला, आणि 'सांजचा' ओठावर यायच्या आत स्पीकरमधून तो बारीक, नाकातला आवाज पुढच्या ओळीवर निघूनही गेला.

भामाबाई थबकल्या. स्पीकरकडे बघत राहिल्या.

"थांबत न्हाई ही बया," त्या म्हणाल्या. "तवाबी न्हाई थांबायची."

यशोधराने घड्याळाकडे पाहिलं आणि बसचं नाव काढलं नाही.

"परत लाव, यशू," भामाबाई म्हणाल्या. "आता आदीच दम घिऊन ठिवते."