तोंडी परीक्षा

परीक्षकांचे ओठ हलत होते आणि पडद्याखालची अक्षरं थांबली होती.

गणिताच्या बाईंनी माऊस हलवून पाहिला. खालच्या पट्टीवर शेवटचं वाक्य अर्ध्यावर तुटून गोठलं होतं: 'तर तुमच्या प्रकल्पाबद्दल माझा पहिला'. पुढे काय, ते ओठांवरून कळेना. परीक्षकांना दाट मिशा होत्या. सकाळचे अकरा वाजून सात मिनिटं झाली होती. शाळेच्या संगणक खोलीत बाईंच्या शेजारीच मुख्याध्यापिका बसल्या होत्या, कारण विद्यापीठाचा नियमच तसा होता. शेवटच्या तोंडी परीक्षेला उमेदवार जिथे नोकरी करतो त्या संस्थेच्या प्रमुखांनी हजर राहायचं.

बाईंना ऐकू येत नव्हतं. अगदीच नाही असं नव्हे. भांडं पडलेलं कळे, घंटा कळे. माणसांचं बोलणं मात्र सहा वर्षांत विरत विरत नुसती कुजबुज उरली होती. हे फक्त नवऱ्याला ठाऊक होतं. कानाला यंत्र लाव म्हणून तो मागे लागला होता. पण बाईंच्या मावशीच्या कानात यंत्र आलं त्या दिवसापासून अख्ख्या घरानं तिचं नाव टाकून तिला 'बहिरी मावशी' करून टाकलं होतं, ते बाई विसरल्या नव्हत्या. शाळेतही त्यांनी पाहिलं होतं. चित्रकलेच्या सरांचा हात थरथरायला लागला, तेव्हा मुख्याध्यापिकांनी त्यांना गोड बोलून ग्रंथालयात नेऊन बसवलं. आता ते दिवसभर पुस्तकांना कव्हरं घालत.

कोणी उठवण्याआधी आपणच उठावं, असं बाईंनी ठरवलं. शैक्षणिक तंत्रज्ञानाची पदव्युत्तर पदवी घरबसल्या करता येते हे वाचलं आणि त्याच दुपारी अर्ज भरायला घेतला. 'हा अभ्यासक्रम का निवडला?' या रकान्यात तीनशे शब्द लिहायचे होते. खरं कारण तीनच शब्दांचं होतं: मला वर्गातून सुटायचंय. ऑनलाइन धडे तयार करणाऱ्या एका केंद्रात ही पदवी असलेली माणसं घेत होते. तिथे समोर संगणक असणार होता आणि मूल एकही नाही.

दोन वर्षं बाईंनी जिवाचं रान केलं. व्याख्यानांखाली अक्षरं येत, त्यामुळे कितीतरी दिवसांनी कुणाचंतरी बोलणं त्यांना वाक्यन् वाक्य कळलं. त्यातूनच प्रकल्प सुचला: वर्गात कोणी बोललं की ते भिंतीवर अक्षरांत उमटावं. हे अक्षरं उमटवणारं यंत्र सुरुवातीला 'लसावि'चं 'लस हवी' करायचं. बाईंनी हजारभर शब्द घोकून घेऊन त्याला वळणावर आणलं. अहवालात लिहिलं, 'कमी ऐकू येणाऱ्या एका विद्यार्थ्यासाठी'.

आणि आज नेमकी अक्षरंच दगा देऊन बसली होती. परीक्षक उत्तराची वाट पाहत होते. मुख्याध्यापिका वळून काहीतरी म्हणाल्या, तेही कळलं नाही. नेट गेलं म्हणून सांगायचं, बंद करायचं, पुढची तारीख मागायची. बाईंचा हात बटणापर्यंत गेलाही. पण पुढच्या तारखेला तरी काय वेगळं होणार होतं? त्यांनी हात मागे घेतला.

"सर, मला ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या. "प्रश्न लिहून पाठवा. माझ्या अहवालातला विद्यार्थी मीच आहे."

शेजारी मुख्याध्यापिका दचकल्या. बाईंनी तिकडे बघायचं टाळलं.

प्रश्न लिहून येत राहिले, बाई उत्तरं देत राहिल्या. चाळीस मिनिटांनी 'उत्तीर्ण, अभिनंदन' अशी अक्षरं आली आणि पडदा काळा झाला. मुख्याध्यापिकांनी समोरचा कागद ओढून लिहिलं, 'किती वर्षं?' बाईंनी सहा बोटं दाखवली. मग त्यांनी लिहिलं, 'ते भिंतीवरचं सोमवारी वर्गात लावा. मी बघायला येते.' बघून काय करणार, ते लिहिलं नाही. बाईंचे दोन दिवस ग्रंथालयाचं दार डोळ्यांसमोर आणण्यात गेले.

ऑनलाइन धड्यांच्या केंद्रात बाईंनी अर्ज केला होता; तिथलं बोलावणं पुढच्याच आठवड्यात आलं. बाई तिथे गेल्याच नाहीत, आणि त्याला कारण झाला सोमवारचा दुसरा तास.

बाकांवर चार माइक ठेवले होते. मुख्याध्यापिका मागे उभ्या होत्या. बाईंनी सगळं समजावून सांगितलं आणि कुणाला काही विचारायचंय का म्हणाल्या. वर्ग नेहमीसारखा चिडीचूप. बाईंच्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू येते असं शाळेत म्हणत, आणि बाईंना त्याचा अभिमान होता. शेवटी तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीचे ओठ हलले.

'बाई, तुम्ही आमच्यावर रागावलात का?' भिंतीवर उमटलं.

नाही गं, असं का वाटलं, बाईंनी विचारलं.

'तुम्ही रोज ओरडून शिकवता. भीती वाटते.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. आपण सावकाश, समजुतीनं बोलतो अशीच त्यांची समजूत होती. नवऱ्यानंही कधी काही म्हटलं नव्हतं. लोकांचं बोलणं ऐकू येईनासं झालं तसा आपला स्वतःचा आवाजही येईनासा झाला आणि तो चढत गेला, हे सहा वर्षांत त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी मागे पाहिलं. मुख्याध्यापिका भिंतीकडे बघत होत्या.

बाईंनी खडू खाली ठेवला. मी कधीच रागावले नव्हते, मला ऐकूच येत नाही, हे त्यांनी मुलांना सांगितलं, जमेल तेवढं हळू. मग विचारलं, "आता ठीक आहे?"

वर्गभर ओठ हलू लागले. भिंतीवर ओळींवर ओळी चढल्या, एकीत दुसरी घुसली, धड एकही वाचता येईना. मग सगळे थांबले, आणि खाली एकच वाक्य उमटलं:

'बाई, जरा मोठ्यानं.'