पुरवणी

‘आधीपासून असलेले आजार’ या रकान्यावर मास्तरांनी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढली.

"काका, रेघ नका मारू," टेबलापलीकडची विमा कार्यालयातली मुलगी म्हणाली. "तिथे लिहायचं असतं."

"लिहायचं काही नाही, म्हणूनच रेघ. कोरी जागा सोडली की मागाहून कोणीतरी काहीतरी घुसडतं."

छत्तीस वर्षं भूगोलाच्या उत्तरपत्रिका तपासलेला हात होता. कोरी जागा दिसली की राहवायचं नाही त्याला.

शेजारच्या खुर्चीत काकू मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. पिशवीत मास्तरांच्या गोळ्यांचा डबा होता. काकूंनी जरा बूड हलवलं आणि तो खुळखुळला. मुलीने पिशवीकडे पाहिलं, मग मास्तरांच्या सदऱ्याकडे. वरचं बटण उघडं होतं आणि तिथून छातीवरच्या जुन्या टाक्यांचं टोक दिसत होतं. मास्तरांनी बटण लावलं.

"समजा, लिहिलं. पुढे काय?"

"डॉक्टरांचा दाखला मागवतात. मग कधी मंजूर करतात, कधी नाही म्हणतात. ते माझ्या हातात नाही, काका."

"ऐकलंस?" मास्तर बायकोकडे वळले. "नाही म्हणाले की संपलं. परदेशी नेणारे सहलवाले विम्याशिवाय घेत नाहीत. अगं, छत्तीस वर्षं फळ्यावर हिमनदी काढली मी. शाळेत निळा खडू कधी आला नाही, पांढऱ्यावर भागवलं. एकदा खरी बघू दे की."

"बघा ना. मी कुठे अडवलंय?"

"मग गप्प बस जरा."

मुलीने पान उलटून सहीची जागा दाखवली. मास्तरांनी चष्मा सारखा केला, पेन टेकवलं. तेवढ्यात काकू खुर्चीच्या कडेवर आल्या.

"बाळ, एक विचारू? तिकडे ह्यांचं काही झालं, तर ह्यांना घरी कोण आणतं?"

मास्तरांचं पेन जागच्या जागी थांबलं.

"कंपनी आणते, काकू. तसं कलम आहे." मुलीचा आवाज खाली आला. "पण आजार लपवला होता असं निघालं, तर नाही आणत."

"आणि मला त्याच विमानात बसता येतं?"

"काय बोलतेस तू हे!"

"विचारून ठेवते. आमच्या धाकटीला कुणी सांगितलं नव्हतं." काकूंनी नवऱ्याकडे बघितलंच नाही, त्या मुलीशीच बोलत राहिल्या. "माझी बहीण. तिच्या नवऱ्याने रक्तदाब लिहिला नाही. कशाला लिहायचा, म्हणाले, गोळी घेतोय की. आणि तिकडेच गेले. नऊ दिवस ती हॉटेलच्या खोलीत दोन बॅगा घेऊन बसली होती. एक तिची, एक त्यांची. सकाळी उठून या कचेरीतून त्या कचेरीत. तिकडच्या भाषेतला एकच शब्द शिकून आली, मृतदेह. बाकी सगळं विसरते हल्ली. तो शब्द नाही विसरत."

पलीकडच्या टेबलावर कोणीतरी कागदांना स्टेपल मारत होतं. तेही थांबलं.

"त्याच विमानाचं नक्की नाही सांगता येत," मुलगी म्हणाली. "पण सोबतच्या एका माणसाचं तिकीट देतात."

"बरं," काकू म्हणाल्या. एवढंच.

मास्तरांनी पान पुन्हा मागे उलटलं. आपणच मारलेल्या रेघेकडे ते बघत राहिले. शाईची रेघ, पुसण्यासारखी नव्हती.

"आणि नाहीच म्हणाले तर?" त्यांनी हळूच विचारलं.

"तर घरी. बर्फ काय, आपल्या फ्रिजमध्येही धरतो."

मास्तरांना हसू आलं नाही. त्यांनी मुलीपुढे हात केला.

"पुरवणी आहे का?"

मुलीला कळेना.

"जादा कागद गं. या रकान्यात मावायचं नाही."

तिने प्रिंटरमधून एक कोरा कागद काढून दिला. मास्तरांनी डावीकडे दुमड घालून समास पाडला आणि मुलांना सांगायचे तसे आकडे टाकून लिहायला सुरुवात केली. एक, बायपास. दोन, साखर. तीन, मूत्रपिंड. साल आठवलं नाही की ते थांबत, आणि मान वर करायच्या आत काकू साल सांगत. गोळ्यांची नावंही त्यांनीच सांगितली, डबा न उघडता. मास्तरांचं अक्षर अजून वळणदार होतं, फक्त ओळी शेवटाकडे खाली उतरत होत्या.

अर्ध्या पानावर उत्तर संपलं. त्यांनी खाली सही केली. मग सवयीने पेन उरलेल्या कोऱ्या जागेच्या कोपऱ्यावर नेलं.

काकूंनी त्या जागेवर तळहात ठेवला.

"थांबा. एक राहिलं."

"आता काय राहिलं?"

"रात्री आडवं पडलं की धाप लागते. मग खिडकीपाशी खुर्चीत बसून झोप काढता. उजाडायच्या आत परत अंथरुणात येऊन पडता."

मास्तर बायकोकडे बघत राहिले.

"तू जागी असतेस?"

"लिहा," काकू म्हणाल्या, आणि कागदावरचा हात उचलला.