यादीतले पाहुणे

नऊ जण आले. त्यांतले सहा यादीत होते.

संत निकोलाच्या दिवशी रातोमिर कुणाला बोलावणं पाठवत नसे. कुणीच पाठवत नाही. घराण्याच्या संताचा दिवस. ज्याला आठवण असेल त्याने यावं, आणि आलेल्याला दारातून परत लावायचं नाही. यंदा कुणी येणार नाही, अशी त्याने आशा धरली होती. पण शनिवारची पहिली पाळी दोनला सुटली, आणि अडीचला त्याच्या विभागातली माणसं इस्त्रीचे शर्ट घालून दारात उभी.

काल त्याने साहेबांच्या खोलीत बसून अकरा नावं लिहून दिली होती. कपातीची यादी सोमवारी लागणार. तोवर सुपरवायझरने, म्हणजे त्याने, तोंड उघडलं तर बारावं नाव त्याचं, हेही त्याच खोलीत ठरलं होतं. बायकोला, यागोदालाही, त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. यादी येणार एवढं मात्र अख्ख्या कारखान्याला ठाऊक होतं.

यागोदाने उकडलेल्या गव्हाच्या गोडाचा वाडगा पुढे केला. एकेकाने क्रूसाची खूण करून एकेक चमचा घेतला. वुकित्सा मात्र थांबली.

"वहिनी, मला दोन द्या. पुढच्या वर्षी आम्हाला या दाराची ओळख राहते की नाही, कुणास ठाऊक."

सगळे हसले. मग सगळ्यांनी रातोमिरकडे पाहिलं.

"तीन घे," तो म्हणाला.

पुन्हा हसू फुटलं, या वेळी मोकळं. वुकित्सा यादीत सातवी होती.

त्याने पेले भरले, मासे वाढले. नजरा त्याच्या हातामागे फिरत होत्या. कुणाला मधला तुकडा, कुणाला शेपटीकडचा, कुणाचा पेला आधी. थोराड ग्वोझ्देन शेवटी उघडच म्हणाला, "जेवू घालतोय, म्हणजे आपल्याला कापणार नाही."

"कोंबडीलाही आधी दाणेच टाकतात," टेबलाच्या टोकावरून कुणीतरी म्हणालं.

कढई बघतो म्हणून रातोमिर स्वयंपाकघरात गेला. पाठोपाठ स्रेदोये आला आणि त्याने दार लोटून घेतलं.

स्रेदोये त्याचा कूम. रातोमिरच्या लग्नात तो पाठराखा होता, मुलीचं नावही त्यानेच ठेवलेलं. अशा माणसापुढे सख्खा भाऊही मागे बसतो. वय चोपन्न, घरी बायको नादा अंथरुणाला खिळलेली. मनगट दुखावल्यापासून तारा गुंडाळताना तो मागे पडायचा. यादीत अकरावा. त्या शेवटच्या ओळीपाशी रातोमिर अर्धा तास अडला होता. दुसऱ्या कुणाचं नाव घातलं असतं तर लोक म्हणाले असते, कुमाला वाचवलं.

"कोपर नावाच्या बंदरात गोदामाचं काम आहे," स्रेदोये खालच्या आवाजात म्हणाला. "स्लोव्हेनियात. तिघांना मिळतंय. मला, ग्वोझ्देनला, वुकित्साला. एजन्सीला चारच्या आत कळवायचंय, नाहीतर जागा गेल्या."

"मग?"

"मग काय मग! नादाला कोण बघणार? कुशीवर वळवायलासुद्धा माणूस लागतो तिला. इथलं काम टिकणार असेल तर परक्या मुलखात मी काय गोणी मोजत बसू?" तो जवळ आला. "कूम, मी नाव विचारत नाही. तुझं तोंड बांधलेलं आहे, मला कळतं. एवढंच सांग. जाऊ, का नको?"

तेल तडतडत होतं. जा. एका अक्षराचं काम होतं. रातोमिरने मासा उलटला. ते अक्षर सोमवारपर्यंत कुठे कुठे पोचेल, याचा त्याने विचार केला.

"नादाला एकटीला कसं ठेवशील?" तो म्हणाला.

स्रेदोयेने डोळे मिटले, उघडले. मग त्याने रातोमिरचा खांदा घट्ट दाबला.

"बस. एवढंच हवं होतं."

"अरे, तसं नाही, मी म्हणत होतो..."

"कळलं रे बाबा. तू काही बोलला नाहीस, मी काही ऐकलं नाही."

रातोमिर माशांची परात घेऊन बाहेर आला तेव्हा स्रेदोयेचा एजन्सीला फोन लागलेला होता. यंत्रांपाशी कान गेलेले, म्हणून तो स्पीकरवरच बोलायचा.

"माझं नाव काढ, पोरी. मी येत नाही."

ग्वोझ्देनने स्रेदोयेकडे पाहिलं, परात घेऊन दारात उभ्या असलेल्या रातोमिरकडे पाहिलं, पुन्हा स्रेदोयेकडे.

"सुपरवायझरचा कूम जात नाही," तो सावकाश म्हणाला. मग फोनवर वाकून ओरडला, "माझंही काढा! ग्वोझ्देन! मीपण नाही येत!"

"आणि माझं!" वुकित्साने पलीकडून आवाज दिला. "वुकित्सा! पोरांना सांगायचं कसं, या काळजीनं आठवडाभर झोप नव्हती हो मला!" तिने शेजारणीचा मुका घेतला. कुणीतरी बाटली उचलली.

"तिघांचं नक्की ना?" फोनमधली मुलगी विचारत होती. "मी या जागा आत्ताच पुढच्यांना देतेय."

"दे, दे! सुखानं दे!"

मुलगी हसली. "एका दमात तिघं नको म्हणताय. कारखान्यातून काही चांगली बातमी आली वाटतं?"

"ते आमच्या साहेबांनाच विचार." स्रेदोयेने टेबलावरून फोन रातोमिरसमोर धरला. "घे कूम, सांग तिला."

चारला बारा मिनिटं कमी होती. रातोमिरने परात थोडी वर केली, हात गुंतलेले आहेत असं दाखवायला. यागोदाने पुढे होऊन ती त्याच्याकडून काढून घेतली.

"हॅलो?" मुलगी म्हणाली. "आहे का कोणी?"