काम संपलेली पेशी

जयपुरी रिवाजाप्रमाणे साफा बांधून विभागाने गोविंद सरांना दोनदा निरोप दिला, तरी मुदतवाढ मिळवून ते विभागप्रमुखाच्या खुर्चीत परत आले. त्या खुर्चीची वाट बघता बघता प्रज्ञामॅडम स्वतःच निवृत्तीला टेकल्या होत्या. आजही आपल्या तासाला त्या वर्गाच्या दारात ताटकळत होत्या, आणि आत सर रंगात येऊन सांगत होते की काम संपलं की शहाणी पेशी आपणहून मरते, नव्या पेशीला जागा करून देते.

"और सर, जो हटे ही नहीं?" हिमानीने विचारलं.

"वही तो कैंसर है, बेटा."

आता तरी यांच्या डोक्यात प्रकाश पडेल, असं प्रज्ञामॅडमना वाटलं.

खडूचे हात झटकत सर बाहेर आले आणि खास मराठीत म्हणाले, "बघितलंत? इतकं समजावून सांगणारं माझ्यामागे आहे का कुणी? मग जाऊ कसा?"