बॅटरी काढल्यावर

"काढा ती बॅटरी," मित्सुएबाई थकून म्हणाल्या.

हामामात्सूतला दुरुस्तीवाला कुसाका वैतागला. जुन्या सिंथेसायझरची बॅटरी काढली की त्यात साठवलेले आवाज जातात, आणि मग लोक त्याच्याच नावाने शंख करतात.

"बाई, तुमच्या यजमानांचे सगळे आवाज पुसले जातील."

"पुसले जाऊ देत. ते गेल्यापासून हा आपोआप वाजतो. मला झोपायचंय हो."

कुसाकाने बॅटरी काढली, वायरही उपटली. पट्टी दाबली. शांत.

"सुटलात."

मित्सुएबाई भिंतीला टेकल्या.

तेवढ्यात सिंथेसायझरमधून धापा टाकणारा सूर निघाला आणि मध्येच थांबला.

"दम घेतायत," त्या डोळे मिटूनच पुटपुटल्या. "आता माझं नाव घेतील."

सिंथेसायझरने कुसाकाचं नाव घेतलं.

तोवर मित्सुएबाई घोरू लागल्या होत्या.